नकाराला नकार

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली सी अर्चिनचं भ्रूण)

समुद्राच्या तळाशी राहणारा सी अर्चिन म्हणजे काट्यांचा गोळा. पण त्याचं भ्रूण इतकं नितळ असतं, की आतल्या पेशी वाढताना थेट बघता येतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. इथवर सगळ्या साधारण सारख्याच दिसतात. चौथ्या विभाजनात मात्र तळाशी चार चिमुकल्या पेशी वेगळ्या होतात. या मायक्रोमिअर. आपली नजर आता यांच्यावरच ठेवूया.

पुढच्या विभाजनात यांचेही लहान-मोठे असे दोन गट पडतात. मोठ्या चौघींचा वंश डिंभाचा, म्हणजे भ्रूणानंतरच्या पोहणाऱ्या पिल्लाचा, सांगाडा घडवतो. मायक्रोमिअर भ्रूणातून काढून बशीत वाढवल्या, तरी तिथेही त्या कॅल्साइट या खनिजाच्या काड्या घडवतात. शेजारी नाहीत, भ्रूण नाही, तरी काम तेच!

हे त्यांना कुणी शिकवलं? प्रत्येक पेशीत जनुकं तर तीच आहेत, सुमारे 23,000. फरक पडतो तो कोणती चालू आणि कोणती बंद, यात. काही जनुकांपासून बनणारी प्रथिनं दुसऱ्या जनुकांजवळच्या डीएनएवर जाऊन बसतात आणि त्यांना चालू किंवा बंद करतात. ती दुसरी जनुकं आणखी कुणाला तरी. असं ते जाळं विणलं जातं.

इतर पेशींमध्ये हेस-सी नावाचं जनुक सांगाड्याच्या जनुकांना दाबून ठेवतं. मायक्रोमिअरमध्ये मात्र पीमार-वन हे दुसरं जनुक जागं होतं आणि हेस-सीलाच गप्प करतं. दाबणाराच दाबला गेला, की सांगाड्याची जनुकं मोकळी होतात. मला या साऱ्या कथेत हीच जागा सर्वांत सुंदर वाटते. प्रयोगात पीमार-वन भ्रूणभर चालू केलं, तेव्हा इतर पेशीही सांगाड्याच्या वाटेला लागल्या.

आणि पीमार-वनला कोण उठवतं? अंडं तयार होतानाच आईने त्यात भरून ठेवलेली प्रथिनं. त्यांच्यामुळे तळाकडच्या पेशींच्या केंद्रकात बीटा-कॅटेनिन हे प्रथिन साठतं आणि साखळी सुरू होते.

अशा जाळ्याची कल्पना रॉय ब्रिटन आणि एरिक डेव्हिडसन या शास्त्रज्ञांनी 1969 मध्ये मांडली. तेव्हा एकेक जनुक वाचण्याची साधनंही नव्हती. 2002 मध्ये डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी 40हून अधिक जनुकांचा नकाशा प्रसिद्ध केला. एकेक जनुक दाबायचं, बाकीच्यांवर काय परिणाम होतो ते पाहायचं, आणि मगच नकाशावर एक रेघ ओढायची. केवढी चिकाटी!

(दृश्य: पेशी आत सरकताना)

पीमार-वन थोडाच वेळ बोलतं, मग थांबतं. पण तोवर सांगाड्याच्या काही जनुकांनी एकमेकांना चालू ठेवायला सुरुवात केलेली असते. आता पहिल्या इशाऱ्याची गरज उरत नाही. पेशी आत उतरतात, कडं करून बसतात, आणि त्यांच्यामध्ये चमकतो कॅल्साइटचा पहिला, तीन टोकांचा कण.