सिस्टर वॉर्डात काय बघत असते?

(१२ मे, जागतिक परिचारिका दिनानिमित्त कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. संयोजकांनी विषय दिलाय, व्यावसायिक नर्सिंगचा पाया आणि परिचारिकेच्या भूमिका. एवढं नाव ऐकूनच निम्म्या लोकांना जांभई येणार, म्हणून आधीच सांगते, नर्सिंगच्या वर्गात शिकवत होते तसं काही शिकवणार नाही. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी पेशंटचे नातेवाईक म्हणून कधी ना कधी सीपीआरच्या, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्याच्या, नाहीतर एखाद्या खासगी दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्र काढलेली असणार. मागच्या दोन रांगांत जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगचा कोर्स करणाऱ्या, पोरी बसल्यात, त्यांना इथं कशाला पाठवलंय ते मला ठाऊक आहे, हजेरीसाठी. असू दे, आलाच आहात तर ऐका.

सिस्टर म्हटलं की लोकांना आधी इंजेक्शन आठवतं. पण तिचं मूळ काम म्हणजे पेशंटवर लक्ष ठेवणं आणि त्याच्यात काही बदललं की ते सगळ्यात आधी ओळखणं. सुई, सलाईन, ड्रेसिंग हे सगळं त्याच्या पोटात येतं. डॉक्टर राऊंडला येतात, पेशंटपाशी पाच-दहा मिनिटं थांबतात, ऑर्डर लिहितात, पुढं जातात, त्यांना ओपीडी असते, ऑपरेशन असतं, त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण उरलेला सगळा दिवस आणि अख्खी रात्र पेशंट कुणाच्या नजरेखाली असतो? सिस्टरच्या.

एक उदाहरण सांगते. पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट आहे, वॉर्डात आलाय, नातेवाईक खूश, सगळं व्यवस्थित झालं म्हणून. रात्री दहाला नाडी ८८. बाराला १०४. एकला ११८. बीपी अजून ठीकच आहे, पेशंट म्हणतोय मला काही होत नाही, फक्त जरा तहान लागलीय, घाबरल्यासारखं वाटतंय. पिशवीत लघवी बघितली तर कमी, तळहात गार. आता जी सिस्टर फक्त बीपी बघते ती म्हणणार नॉर्मल आहे, झोपू दे त्याला. आणि जिला कळतं तिच्या डोक्यात घंटा वाजते, कारण आत कुठं रक्तस्राव होत असेल तर शरीर आधी नाडी वाढवून वेळ मारून नेतं, बीपी पडतं ते नंतर, आणि ते पडेपर्यंत थांबलात तर हातातला वेळ गेलेला असतो. मग ती फोन उचलते. फोनवर "सर, पेशंट बरा वाटत नाहीये" एवढंच बोललं तर पलीकडून उत्तर येणार, बघतो सकाळी. तिनं सांगायचं असतं ते असं, अमुक बेडचा पेशंट, संध्याकाळी अमुक ऑपरेशन, तीन तासांत नाडी ८८ वरून ११८, लघवी तासाला २० एमएलच्या खाली आलीय, हातपाय गार, मला आतला रक्तस्राव वाटतोय, तुम्ही येऊन बघा. हे वाक्य बोलायला शिक्षण लागतं, आणि रात्री एक वाजता मोठ्या सर्जनला उठवून बोलायला धाडस लागतं. पुस्तकात याला नर्सिंग प्रोसेस म्हणतात, माहिती गोळा करा, अडचण ओळखा, ठरवा, करा, परत तपासा. पोरी ते परीक्षेला पाठ करतात. वॉर्डात ते असं दिसतं.

त्यातल्या त्यात दुर्लक्षित गोष्ट कुठली सांगू? श्वास मोजणं. टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा, चार्ट काढून बघा, तीस पेशंट असतील तर तिसांच्या पुढं २०, २०, २०. सगळे एका तालात श्वास घेतात होय? मोठ्या माणसाचा मिनिटाला १२ ते २० श्वास, आणि तो वाढायला लागला की पेशंट बिघडतोय याची खूण कित्येकदा सगळ्यात आधी तिथंच दिसते. मोजायची पण रीत आहे. पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की तो मुद्दाम सावकाश घ्यायला लागतो. नाडी बघितल्यासारखं मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून गुणिले चार करायचं नाही. मागच्या रांगेतल्या, लिहून घ्या हे.

आता पाया म्हटलं की फ्लोरेन्स नाइटिंगेल आलीच. हातात दिवा घेतलेलं तिचं चित्र प्रत्येक नर्सिंग कॉलेजच्या भिंतीवर असतं, आम्ही शपथ पण दिवा लावूनच घेतो. मला त्या दिव्यापेक्षा तिची वही जास्त आवडते. १८५४ मध्ये ती ३८ बायका घेऊन क्रिमियन युद्धातल्या जखमी सैनिकांसाठी तुर्कस्तानात स्कुटारीला गेली. तिथं जखमांनी मरत होते त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त सैनिक कॉलरा, टायफस, हगवण यांनी मरत होते, इमारतीखाली गटारं तुंबलेली, पाणी घाण. तिनं मृत्यूंच्या नोंदी ठेवल्या, कारणं वेगळी काढली, परत गेल्यावर त्याच्या रंगीत आकृत्या करून सरकारपुढं मांडल्या की बघा, तुमचे सैनिक कशानं मेले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात तिच्या नावानं नर्सिंगची शाळा निघाली. भारतात ती एकदाही आली नाही, पण इथल्या आरोग्यावर वर्षानुवर्षं लिहीत राहिली. म्हणजे ज्या बाईला आपण नुसती मायाळू म्हणून ओळखतो ती हिशेबाला फार पक्की होती.

आपल्या कोल्हापूरची पण एक गोष्ट आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या तेव्हा कोल्हापूर संस्थाननं त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डावर नेमलं होतं. ते हॉस्पिटल म्हणजे आपलं आजचं सीपीआर. त्या आल्याच नाहीत, क्षयानं फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. पण तो वॉर्ड होताच की, त्यात बायका होत्या, बाळंतिणी होत्या, त्यांचं अंग पुसणाऱ्या, रात्र जागवणाऱ्या कुणीतरी असणारच. त्यांची नावं मी शोधली, मला काही मिळाली नाहीत.

नर्सचं काम नेमकं काय याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन नर्सचं. तिचं म्हणणं साधं होतं. माणसाकडं ताकद, इच्छा आणि माहिती असेल तर स्वतःच्या जगण्यातल्या ज्या गोष्टी तो स्वतः करेल, त्या यातलं काहीतरी कमी पडल्यामुळं त्याला जमत नसतील तर करायला मदत करायची, आणि तीसुद्धा अशी की लवकरात लवकर तो आपला आपण करायला लागेल. आता हे तीन शब्द घेऊन वॉर्डातून फिरा. कागलकडचे एक आजोबा, अर्धांगवायू, उजवा हात उचलत नाही. इथं ताकद कमी आहे. सून प्रेमानं घास भरवते, आणि सिस्टर म्हणते थांबा, डाव्या हातात चमचा द्या, सांडू दे. सुनेला वाटतं काय दुष्ट बाई आहे. पलीकडच्या कॉटवर साखरेचा पेशंट, उसात अनवाणी पाणी पाजताना पायाला काहीतरी लागलं, कळलंच नाही, आठ दिवसांनी वास यायला लागला तेव्हा आला. ताकद आहे, इच्छा आहे, माहिती नव्हती. त्याला ड्रेसिंग करता करता सांगायचं की साखरेनं पायाची जाणीव कमी होते, रोज रात्री तळवा आरशात बघायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, कितीही घाई असली तरी चप्पल नाही घातली तर शेतात जायचं नाही. ती त्याची शिक्षिका झाली तिथं. आणि तिसरी एक बाई, गर्भपिशवी काढलीय, टाके छान, ताप नाही, पण भिंतीकडं तोंड करून पडलीय, जेवत नाही, उठत नाही. तिची इच्छाच गेलीय. तिच्या चार्टवर सगळं नॉर्मल दिसणार. तिच्याजवळ स्टूल ओढून बसायला डॉक्टरची ऑर्डर लागत नाही.

बेडसोअरचं, म्हणजे झोपून झोपून पडणाऱ्या जखमांचं, जरा सविस्तर सांगते, कारण घरी झोपून असलेलं माणूस आता प्रत्येक गल्लीत आहे. एकाच कुशीवर पडून राहिलं की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथलं रक्त थांबतं, आणि काही तासांत ती जागा मरायला लागते. माकडहाड, टाचा, खुबे, डोक्याची मागची बाजू. लाल झालेल्या जागी बोट दाबून बघा, दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिलं तर सुरुवात झालीय. आपल्या सावळ्या कातडीवर लाल पटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं, गरम लागतंय का, कडक लागतंय का. मग आपले लोक काय करतात, तर तिथंच तेल लावून जोरात चोळतात. करू नका! आतलं आधीच दुखावलेलं असतं, चोळून आणखी फाटतं. ती मेडिकलमध्ये मिळणारी हवेची गोल रिंग पण नको, तिच्या कडेनं रक्त अडतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीमागं उशी देऊन थोडं तिरकं, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली घडी, आणि वर सरकवताना फरफटत ओढायचं नाही, खाली चादर घालून दोघांनी उचलायचं. आता अरुणा शानबागची गोष्ट आठवा. मुंबईच्या केईएममधली नर्स, १९७३ मध्ये तिच्यावर हल्ला झाला, आणि २०१५ मध्ये जाईपर्यंत तिच्याच हॉस्पिटलच्या नर्सेसनी तिला सांभाळलं. जुन्या रिटायर झाल्या, नव्या आल्या, ज्यांनी तिला हिंडताफिरताना कधी पाहिलंच नव्हतं त्यांनीसुद्धा केलं. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकालात या नर्सेसचं कौतुक केलंय, आणि एवढी वर्षं अंथरुणावर असून तिला बेडसोअर झाला नाही हेही तिथं आलंय. लोक याला त्याग म्हणतात. असेल. पण नुसत्या त्यागानं कातडी टिकत नाही, दर दोन तासाला कुणीतरी यावं लागतं, आणि तिला काय बघायचं ते कळावं लागतं.

सलाईनचं चाक हा आपल्याकडचा आणखी एक छंद. "सिस्टर, जरा सैल केलं तर लवकर संपंल की, शेवटची एसटी गाठायचीय." आम्ही पाठ फिरवली की करतातच. अहो, ते थेंब मोजून लावलेले असतात. ५०० एमएल आठ तासांत द्यायचंय, साध्या सेटला एका एमएलचे २० थेंब, म्हणजे दहा हजार थेंब भागिले ४८० मिनिटं, मिनिटाला साधारण २१. म्हाताऱ्या माणसाचं हृदय कमजोर असेल आणि तुम्ही ते धो धो सोडलंत तर पाणी फुप्फुसात भरतं, माणूस झोपल्याजागी धापा टाकायला लागतो. आणि त्यात पोटॅशियम घातलेलं असेल तर मग विचारूच नका, ते भरभर गेलं तर हृदयच थांबू शकतं.

आता जरा कडू बोलते. एवढं सगळं लक्ष एका सिस्टरनं किती पेशंटवर ठेवायचं? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक सिस्टर हवी, जनरल वॉर्डात पाच-सहा पेशंटला एक असं आम्ही शिकवतो, आणि नाईटला प्रत्यक्षात एकटी तीस-चाळीस कॉट बघते, वर रजिस्टरं लिहिते, इंडेंट म्हणजे सामानाची मागणी भरते, एक्स-रे शोधते. युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला, त्यात निघालं की नर्सवर एक पेशंट जास्त टाकला की ऑपरेशनच्या पेशंटचा महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. एका पेशंटला ७ टक्के. आपल्या नाईटचा हिशेब तुम्हीच करा. आणि बरेच छोटे दवाखाने यावर उपाय काय काढतात, तर बारावी झालेल्या पोरीला पांढरा कोट घालून उभं करतात. नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा आहे, २०२३ मध्ये नवीन नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा आला, नोंदणी असल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही, हे सगळं कागदावर ठीक आहे. तुम्ही विचारा. सिस्टर, तुमचं रजिस्ट्रेशन आहे का, असं विचारलं तर खरी सिस्टर रागावणार नाही.

गावाकडच्या एएनएमबद्दल, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सबद्दल, बोलल्याशिवाय उतरले तर पाप लागेल. सपाटीवर ५००० लोकांमागं एक उपकेंद्र, डोंगराळ भागात ३००० मागं. गगनबावड्याच्या पावसात ती लसीचा डबा घेऊन वाडीवर जाते. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, गरम झाली तर वाया आणि पेंटासारखी, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र, लस गोठली तरी वाया. म्हणून फ्रीझरमधला आईसपॅक काढल्या काढल्या डब्यात टाकत नाहीत, आधी बाहेर ठेवायचा, कानाशी हलवून बघायचा, आत पाणी खुळखुळलं की मग भरायचा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी होतं, पुढच्या शिफ्टची सिस्टर पोहोचू शकत नव्हती, मग आहे तीच पुढची ड्यूटी करणार, दुसरं कोण येणार.

प्रश्न आलेत दोन-तीन. एक काका विचारतात, सिस्टर लोक एवढ्या खेकसतात का? काका, खेकसतात, मान्य. तुमचा पेशंट तुम्हाला एक, तिला चाळीस. त्यातून ड्यूटी बदलायच्या वेळी दोघी कॉटजवळ उभ्या राहून हँडओव्हर देत असतात, तेव्हा मध्ये बोलू नका, कुणाचं काय राहिलंय ते त्या पंधरा मिनिटांत सुटलं तर पुढच्या शिफ्टला कळणारच नाही. आणि ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलेल्या आजीला "नुसता कपभर चहा" पाजू नका, भूल दिल्यावर तो उलटून श्वासनलिकेत जातो. यावर सिस्टर खेकसली तर माझ्याकडून दोन शब्द जास्त.

मुलं पण नर्सिंग करतात का? करतात की, ब्रदर म्हणतात, आयसीयूत आणि कॅज्युअल्टीत भरपूर आहेत, चांगलं काम करतात.

शेवटचा प्रश्न ताईंचा, मुलीला नर्सिंगला घालू का. तिला घाण बघून मळमळतं का ते विचारू नका, ते महिन्याभरात जातं. तिला एका जागी शांत बसून बारीक बघायची सवय आहे का ते बघा. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी चार, जमत असेल तर बीएस्सी करा, पुढं वाटा जास्त. ॲडमिशनच्या आधी कॉलेजला कौन्सिलची मान्यता आहे का ते वेबसाइटवर बघा, प्रॉस्पेक्टसवर विश्वास ठेवू नका. आणि ते ज्या हॉस्पिटलशी जोडलंय म्हणतात तिथं एकदा दुपारी न सांगता जाऊन या. कागदावर शंभर खाटा आणि वॉर्डात निम्म्या कॉट रिकाम्या, गाद्या गुंडाळलेल्या दिसल्या, तर फी कितीही कमी असू दे, तिथूनच रिक्षा पकडा आणि घरी या.