सेंट पॉल्स, आगीच्या आधीचं

लंडनचं सेंट पॉल्स म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे तो घुमट येतो ना, ख्रिस्तोफर रेनने बांधलेला. पण त्याच जागेवर आधी, १६६६ च्या मोठ्या आगीपर्यंत, वेगळंच कॅथेड्रल उभं होतं, १०८७ च्या आगीनंतर बांधायला घेतलेलं आणि पुढे दोनशेहून जास्त वर्षं बांधतच राहिलेलं. त्याचं लाकडी, शिशाने मढवलेलं शिखर आजच्या घुमटापेक्षाही उंच होतं असं म्हणतात. १५६१ च्या जूनमध्ये वीज पडून ते जळालं आणि पुन्हा कधी बांधलंच नाही.

पण मला खरा जीव लागतो तो आतल्या गर्दीवर. आत मधोमध जो लांबच लांब दगडी खांबांचा दालनभाग होता त्याला लोक पॉल्स वॉक म्हणायचे, आणि तिथे सकाळपासून शहरभरच्या बातम्या, वकील आपापल्या खांबापाशी अशिलांना भेटतायत, नोकरी शोधणारे दारावर चिठ्ठ्या लावतायत, आणि पलीकडच्या गल्लीत जायला जवळचा रस्ता म्हणून लोक बिअरची पिंपं, पावाच्या टोपल्या, मासे घेऊन सरळ देवळातून निघालेत! घोडे, खेचरंसुद्धा न्यायचे, शेवटी १५५४ मध्ये शहराला ह्यावर बंदी घालावी लागली. इंग्लंडच्या पहिल्या सरकारी लॉटरीची सोडत पण १५६९ मध्ये ह्याच्याच पश्चिम दारापाशी झाली.

तिथे एक थडगं होतं, लोक त्याला ड्यूक हम्फ्रीचं समजायचे, खरं ते दुसऱ्याच सरदाराचं. जेवायला पैसे नसलेला माणूस तिथेच घुटमळायचा, म्हणून उपाशी राहिलेल्याला म्हणायचे, हा आज ड्यूक हम्फ्रीकडे जेवला.

आणि खाली तळघरात आख्खं वेगळं चर्च, सेंट फेथ, आजूबाजूच्या पुस्तकवाल्यांचं. १६६६ मध्ये आग पसरायला लागली तेव्हा ह्या लोकांनी सगळा माल तिथेच नेऊन ठेवला, दगडी तळघर आहे, काही होणार नाही म्हणून. पण दुरुस्तीसाठी बाहेर लाकडी परांची बांधलेली होती, तिने पेट घेतला, छपराचं शिसं वितळून रस्त्यावर वाहिलं, वरचं सगळं खाली कोसळलं आणि पुस्तकंही गेली. किती वाईट वाटलं असेल त्यांना!

एक पुतळा मात्र जवळपास धडधाकट राहिला. कवी जॉन डन, इथलाच डीन म्हणजे मुख्य धर्मगुरू, १६३१ मध्ये वारला, तो कफन गुंडाळून उभा आहे. आजच्या सेंट पॉल्समध्ये गेलात तर त्याच्या पायाखालचा कलश नीट बघा, जळल्याच्या खुणा अजून आहेत.