प्रिंटर दिसत नाही म्हणजे नेमकं काय होतं?

(गुहागर तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

मंडळी, ‘नेट गेलं’ असा फोन आला की मी आधी विचारतो, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतायत का? पुष्कळदा उत्तर येतं, हो, ते येतायत, पण बँकेचं पान उघडत नाही. मग तार शाबूत आहे, राउटरही चालू आहे. आधीपासून जोडलेलं ॲप चालत राहतं, कारण त्याला नव्याने पत्ता विचारावा लागत नाही. अडलंय ते नावावरून पत्ता शोधण्याचं काम. पण तोवर घरात कोणीतरी राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून तो रिसेट केलेला असतो. त्या टाचणीने वायफायचं नाव, पासवर्ड आणि कनेक्शन देणाऱ्या माणसाने भरलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून आज कळकळीने एकच सांगायला आलोय: बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे हे कळल्याशिवाय कशालाही हात लावू नका. ते कळण्यासाठी लागणारी साधनं तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच आहेत.

आपल्या वाडीत ओळीने एकाच आडनावाची घरं असतात. जुना पोस्टमन बरोबर घर गाठतो, नवा आला की त्याला कोणालातरी विचारावं लागतं. कॉम्प्युटर हा असा नवा पोस्टमन. त्याला नाव कळत नाही, पत्ता म्हणून आकडेच कळतात. तेव्हा तो कोणाला विचारतो आणि उत्तर कोण देतं, एवढं बघायचं.

सुरुवातीच्या काळात, म्हणजे इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या वेळी, सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एकाच यादीत होती. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून आकडा शोधण्याची आजची डीएनएस पद्धत मांडली: एकच मोठी यादी नको, ज्याची नावं त्याने सांभाळावीत आणि विचारणाऱ्याला पुढचा रस्ता दाखवावा. जुन्या यादीचा वंशज मात्र अजून आपल्या घरात आहे. विंडोजमध्ये ‘होस्ट्स’ नावाची एक साधी फाइल असते आणि त्यात लिहिलेलं कॉम्प्युटर बाहेर विचारण्याआधी खरं मानतो. एखादीच साइट एकाच कॉम्प्युटरवर भलतीकडे जात असेल, तर ही फाइल उघडून बघा.

आता तपासणी. काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडा. ‘पिंग’ (ping), म्हणजे समोरचा उत्तर देतो का ते बघणारी आज्ञा, लिहून पुढे राउटरचा आकडा टाका, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. उत्तर आलं तर घरातला रस्ता ठीक. मग ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या डीएनएस सर्व्हरला, पिंग करा. तिथूनही उत्तर आलं तर बाहेरचा रस्ता ठीक. शेवटी एखाद्या साइटचं नाव घेऊन ‘एनएसलुकअप’ (nslookup), म्हणजे नावाचा आकडा विचारणारी आज्ञा, चालवा. याच्या पहिल्या दोन ओळी लोक वाचतच नाहीत आणि खरी माहिती तिथेच असते: आपण कोणाला विचारलं, त्या सर्व्हरचं नाव आणि आकडा. तिथे राउटरचा आकडा हवा होता आणि भलताच दिसतोय, तर अर्धा तपास तिथेच झाला. खाली ‘टाइम्ड आउट’ आलं तर समोरून उत्तरच आलं नाही. ‘नॉन एक्झिस्टंट डोमेन’ आलं तर उत्तर आलं, आणि ते ‘असं नाव नाही’ असं आहे. हे दोन अगदी वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

आणखी एक गोष्ट, ती जाणत्यांनाही चकवते. एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला विचारतो. होस्ट्स फाइल किंवा घरातल्या घरात नाव पुकारण्याची पद्धत तो वापरत नाही. पिंग हे सगळे मार्ग वापरतो. त्यामुळे प्रिंटरच्या नावाला पिंग मिळतो आणि एनएसलुकअप ‘नाही’ म्हणतो, असं झालं तर घाबरू नका.

घरातल्या घरात नाव पुकारणं म्हणजे काय, ते आपल्या चिऱ्याच्या भिंतींमुळे छान कळतं. जांभ्याच्या जाड भिंतीतून वायफाय आत पोचत नाही. ओटीवर राउटर, माजघरात रेंज नाही. मग माणूस बाजारातून दुसरा राउटर आणतो, पहिल्यातून तार ओढून ती दुसऱ्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या खोबणीत लावतो. माजघरात यूट्यूब चालतं, सगळे खूश. चार दिवसांनी आंब्याच्या पेटीची बिलं छापायची असतात आणि माजघरातल्या लॅपटॉपला ओटीवरचा प्रिंटर दिसत नाही.

झालंय असं की दुसऱ्या राउटरने स्वतःचं वेगळं नेटवर्क मांडलंय. ओटीवर १९२.१६८.१ चे आकडे, माजघरात १९२.१६८.० चे. छोट्या घरात घरातल्या नावांचा सर्व्हर बहुधा नसतो. लॅपटॉप आपल्या नेटवर्कमध्ये हाक देतो, ‘या नावाचं कोण आहे?’ ज्याचं नाव असेल तो उत्तर देतो. ही हाक राउटर ओलांडत नाही. गंमत बघा, त्याच लॅपटॉपवरून प्रिंटरच्या आकड्याला पिंग केलं तर उत्तर येतं, कारण आतून बाहेर जायची वाट उघडी आहे. नाव तेवढं पोचत नाही. असं दिसलं की प्रिंटरचा ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे पहिल्याचंच नेटवर्क वायफायने पुढे पोचवणारा, करा. त्या सेटिंगचं बटण नसेल तर त्याला १९२.१६८.१.२ सारखा, पहिला राउटर कोणाला देत नाही असा मोकळा आकडा द्या, त्याचं डीएचसीपी, म्हणजे आकडे वाटण्याचं काम, बंद करा, आणि तार वॅनमधून काढून ‘लॅन’च्या खोबणीत लावा. आता घर एक झालं.

लाईटचंही तसंच. जूनच्या पहिल्या सरींत आणि परतीच्या पावसात गडगडाट झाला की लाईट जाते, येते, पुन्हा जाते. प्रत्येक वेळी राउटर आणि प्रिंटर एकदम उठतात आणि प्रिंटरला कधीकधी नवा आकडा मिळतो. कॉम्प्युटर जुन्याच आकड्यावर छापायला पाठवत राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा आकडा कायमचा राखून ठेवता येतो, तो ठेवाच.

काही जण कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमधल्या डीएनएसच्या दोन चौकटींत पहिला राउटर आणि दुसरा ८.८.८.८ भरतात, ‘एक नाही तर दुसरा’ म्हणून. दुसरा सर्व्हर विचारला जातो तो पहिल्याकडून उत्तर न आल्यावर. पण ज्या घरात राउटरच घरातली नावं सांगतो, तिथे एकदा कॉम्प्युटर दुसऱ्याकडे वळला की तो दुसरा सर्व्हर ती नावं कुठून सांगणार? तो ‘असं नाव नाही’ म्हणतो आणि कॉम्प्युटर ते मानून गप्प बसतो. म्हणून घरचा प्रिंटर कधी दिसतो, कधी नाही. दोन्ही चौकटींतली माहिती सारखीच असावी, नाहीतर एकच भरावी.

आता पॉलिसी. गणपतीला चाकरमानी येतात, सोबत कंपनीचा लॅपटॉप असतो, आणि घरच्या प्रिंटरवर छापता आलं नाही की दोष गावच्या नेटला. त्या लॅपटॉपवर बहुधा कंपनीची ग्रुप पॉलिसी, म्हणजे कंपनीने लावून दिलेले नियम, असते. पुष्कळदा घरातली ती नावाची हाक पॉलिसीने बंद केलेली असते, व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कला जोडणारी खाजगी वाट, चालू असताना नावं कंपनीच्या सर्व्हरला विचारली जातात, आणि तुमच्या घराला तो लॅपटॉप ‘पब्लिक’, म्हणजे परकं, नेटवर्क समजतो. ‘जीपीरिझल्ट’ ही आज्ञा पुढे ‘/आर’ लावून (gpresult /r) चालवली की कुठल्या पॉलिसी लागू आहेत ते दिसतं. त्या तोडायच्या भानगडीत पडू नये. कंपनीचा माल आहे, नियम त्यांचा. फाइल घरच्या कॉम्प्युटरवर आणायची परवानगी असेल तर तिथून छापा.

पण स्वतःच्या कॉम्प्युटरवर ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पासवर्डशिवाय शेअर फोल्डर उघडता येत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो, तेव्हा लोक हादरतात. घरात कुठली संस्था? संस्था कोणतीच नाही. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनेच पासवर्डशिवाय, पाहुणा म्हणून शेअर फोल्डर उघडणं मुळात बंद ठेवलंय, आणि माझ्या मते ते योग्य केलंय. ते उलटवून द्यायचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ते करू नका. घरच्या नेटवर्कला जोडलेल्या ज्या साठवणीच्या डब्यात फोटो ठेवलेत, त्यावर एक नाव आणि पासवर्ड तयार करा आणि तो एकदा लॅपटॉपला सांगा. तसंच, विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा संपादक नसतो. तो कुठूनतरी उतरवून बसवू नका. नेटवर्क ‘प्रायव्हेट’, म्हणजे घरचं, करणं साध्या सेटिंगमधूनही होतं, आणि प्रिंटर न दिसण्याच्या निम्म्या तक्रारी तेवढ्यावर मिटतात.

एका बाईंनी चिठ्ठी दिली आहे: मुलांसाठी राउटरवर गाळणीचा, म्हणजे नको त्या साइट अडवणारा, डीएनएस टाकला, तरी मुलाच्या मोबाइलवर सगळं उघडतं. ताई, अँड्रॉइड ९ पासून मोबाइलमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ अशी वेगळी सेटिंग आहे, आणि ब्राउझरमध्येही ‘सिक्युअर डीएनएस’ असतो. यातल्या एखाद्यात दुसराच सर्व्हर ठरवून दिलेला असेल तर तिथली नावं तुमच्या राउटरला विचारलीच जात नाहीत. आधी ती दोन ठिकाणं बघा. मोबाइल डेटा चालू असेल तर राउटरचा प्रश्नच येत नाही. तिथे मुलाशी बसून बोलावं लागेल.

दुसरी चिठ्ठी घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्यांची. पाहुण्यांना गेस्ट वायफाय द्या, तुमचं नको. गेस्टवरून त्यांना तुमचा प्रिंटर दिसणार नाही, आणि तो दिसू नये म्हणूनच ही सोय आहे. कोणाला तिकीट छापून हवं असेल तर फाइल मागवून घ्या आणि तुमच्या कॉम्प्युटरवरून छापून द्या.