काळ तसा होता, म्हणजे कोणाचा?

(दृश्य : हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, घाटावर धुणं धुणाऱ्या बायका.)

सांगलीला लागूनच हे हरिपूर. हळदीच्या व्यापाऱ्यांना गाव माहीत आहे ते इथल्या पेवांमुळे, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांमुळे. नाटकवाल्यांना माहीत आहे ते गोविंद बल्लाळ देवल यांच्यामुळे. 1855 साली देवल इथं जन्मले आणि 1899 साली त्यांचं 'संगीत शारदा' रंगभूमीवर आलं. 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान' ही ओळ नाटक न पाहिलेल्यांच्याही तोंडी असते.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पैशासाठी कांचनभट आपली कोवळी मुलगी शारदा म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. लग्न उभं राहतं आणि मोडतंही. आज हे नाटक वाचणारी कॉलेजातली मुलगी नेमकी इथं थबकते. लग्न कशामुळे मोडतं? वर आणि वधू एकाच गोत्राचे निघतात म्हणून. शारदेला हा नवरा नको आहे, एवढं कारण पुरत नाही. पुढं ती जीव द्यायला जाते, कोदंड हा तरुण तिला वाचवतो आणि त्याच्याशी तिचं लग्न लागतं.

मुलगी विचारते, हिच्या नकाराला किंमत कुठं आहे?

प्रश्न रास्त आहे. त्यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर असतं, "अगं, काळच तसा होता."

(दृश्य : जुन्या नाटक कंपन्यांची छायाचित्रं. स्त्रीवेषातले नट.)

देवलांपुरतं हे उत्तर बरंचसं खरं आहे. शारदा रंगमंचावर येण्याच्या आठच वर्षं आधी, 1891 साली, संमतीवयाची, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाला कायद्याने मान्य असलेल्या वयाची, मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा झाला, आणि तेवढ्यावरून महाराष्ट्रात रणकंदन माजलं. खुद्द टिळक त्या कायद्याच्या विरोधात उभे होते. शारदेची भूमिकाही पुरुषच करत, बालगंधर्वांनीही ती गाजवली. अशा प्रेक्षकांसमोर देवलांनी पौराणिक कथेचा आडोसा न घेता त्यांच्याच घरातला व्यवहार मांडला. लग्न मोडायला शास्त्राचा आधार घेतला, कारण समोर बसलेला माणूस शास्त्रापुढेच मान तुकवणार होता. मला यात देवलांची समज दिसते. शारदेची घुसमट त्यांनी झाकली नाही. 'मूर्तिमंत भीती उभी' हे पद ऐकताना आजही घशात काहीतरी अडकतं. मुलींच्या लग्नाचं वय चौदा ठरवणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, 1929 साली आला. तो हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला गेला, पण शारदा नाटकावरूनच त्याला नाव पडलं असं मानणारे इथं आजही भेटतात. नाटक लोकांच्या मनात इतकं रुजलेलं होतं.

खरी अडचण पुढे आहे, आणि तीही सांगलीचीच आहे.

(दृश्य : सांगली शहर, गणपती मंदिर परिसर.)

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 1872 साली सांगलीत जन्मले. त्यांचं 'कीचकवध' 1907 सालचं. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत पारतंत्र्यातला देश दिसला आणि 1910 साली सरकारने नाटकावर बंदी घातली. त्या धाडसापुढे आपण हात जोडतो. पण याच लेखकाचं, याच 1907 सालचं दुसरं नाटक आहे 'बायकांचे बंड'. प्रमीलेचं स्त्रीराज्य, तिथं येणारा अर्जुन, आणि शेवटी लग्नात विरघळून जाणारं बंड. देशाच्या गुलामीवर एवढा पेटून उठणारा माणूस, बाईने स्वतंत्र राहायचं म्हटलं की तिची समजूत काढून तिला मांडवात आणून बसवतो.

इथंही म्हणायचं का, काळच तसा होता?

मला हे म्हणवत नाही. कारण तो काळ एकट्या खाडिलकरांचा नव्हता. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 सालचं. सुरतेच्या एका विधवेला भ्रूणहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली, सगळीकडे बायकांच्या चारित्र्यावर शेरे मारले गेले, तेव्हा बुलढाण्याच्या या बाईने पुरुषांना थेट विचारलं की जे दुर्गुण तुम्ही आमच्या माथी मारता, ते तुमच्यात नाहीत का? या पुस्तकाची बाजू जोतीराव फुल्यांनी आपल्या लेखनातून जाहीरपणे घेतली. लहानपणी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला, तो खटला याच दशकातला. नांदायला जा नाहीतर तुरुंगात, असं कोर्टाने 1887 साली सांगितलं, तेव्हा तुरुंग चालेल असं त्या म्हणाल्या. आणखी मागे गेलो, तर 1855 साली फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मुलगी मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून येतो.

म्हणजे ज्याला आपण आजचा निकष म्हणतो, तो तेव्हाही होता. छापील होता. विकत मिळत होता.

मग आपल्याला तो काळ एकमुखी का वाटतो? याचं एक उत्तर छापखान्यात आहे. ताराबाईंचं पुस्तक त्यानंतर असं दिसेनासं झालं की ते पुन्हा वाचकांपुढे यायला 1975 साल उजाडलं. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केलं. मधल्या त्र्याण्णव वर्षांत खाडिलकरांच्या आवृत्त्या निघाल्या, प्रयोग झाले, अभ्यासक्रमांत ती लागली. ज्यांना पुन्हा पुन्हा छापलं, त्यांच्या मताला आपण 'काळ' असं नाव दिलं.

(दृश्य : कऱ्हाडजवळचं टेंभू. कृष्णेचं पात्र.)

कृष्णेच्याच काठाने वर, सातारा जिल्ह्यात गेलं की टेंभू लागतं. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांचं हे जन्मगाव. आगरकर 1895 साली गेले, म्हणजे 'बायकांचे बंड' यायच्या बारा वर्षं आधी. स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं, हे त्यांनी लिहून ठेवलं होतं. खाडिलकरांच्या आधीच्या पिढीतला माणूस, त्याच नदीच्या काठचा. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली.

आता याच आगरकरांचा दुसरा लेख घ्या : 'स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत'. आजची मुलगी शीर्षकातल्या त्या 'च'ला हटकेल. आम्ही काय घालायचं ते तुम्ही कोण ठरवणार? हटकू दे तिने. आगरकरांना ते पेलेल. आयुष्यभर ज्यांनी रूढीला बुद्धीसमोर हजर व्हायला लावलं, त्यांना बुद्धीसमोर उभं करणं यात कसला अपमान?

(दृश्य : वाटेगाव, वाळवा तालुका. अण्णाभाऊ साठे यांचा पुतळा.)

वाटेगावला न थांबता हा प्रवास पुरा होत नाही. 1920 साली अण्णाभाऊ साठे इथं जन्मले. ब्रिटिशांच्या 1871 च्या कायद्याने सबंध जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता आणि माणसांना हजेरी द्यावी लागे. ती हजेरी अण्णाभाऊंच्या 'फकिरा' कादंबरीत आली, 1959 साली. सांगलीत शारदेच्या नशिबाने प्रेक्षक हळहळत होते, त्या वर्षांतही हा शिक्का होताच. जुन्या लेखकाला तोलताना मी आता त्याने काय लिहिलं याच्याबरोबर हेही पाहते, की त्याच्या गावापासून चार-आठ कोसांवर काय चाललं होतं आणि त्यातलं किती त्याच्या कागदावर उतरलं.

खाडिलकरांची नाटकं कपाटाबाहेर काढा, असं मी कुणालाही सांगणार नाही. ती वाचली नाहीत तर ताराबाई कोणत्या विचाराशी भांडत होत्या तेही कळणार नाही.

(दृश्य : सांगलीचं भावे नाट्यमंदिर. रिकामा रंगमंच, दिवे लागताना.)

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. त्या दिवशी इथं भावे गौरव पदक दिलं जातं, नाट्यगृह भरलेलं असतं. माझी एक मागणी आहे. एखाद्या वर्षी या मंचावर 'बायकांचे बंड'मधला एक प्रवेश चांगल्या नटांकडून, पूर्ण ताकदीने करून घ्या. त्याच्या लगेच पाठोपाठ 'स्त्रीपुरुष तुलना'मधली चार पानं तितक्याच ताकदीच्या एखाद्या अभिनेत्रीने वाचावीत. मग प्रेक्षकांतल्या मुलींना बोलू द्या, आणि त्या वेळी कुणी मध्येच उठून काळाची सबब पुढे करू नका.