कोकणातील लेझर-दुवा : हिशेब पावसाचा नव्हे, धुक्याचा

(दृश्य : जांभ्या चिऱ्याची जुनी कौलारू इमारत. समोर रस्ता, पुढे वहाळ आणि पलीकडच्या चढावर नवी तीन मजली इमारत.)

रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या या दोन इमारती आहेत. इंटरनेटची फायबर जुन्या इमारतीपर्यंत पोचली आहे, संगणकांची प्रयोगशाळा मात्र नव्या इमारतीत आहे आणि दोहोंमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे ३०० मीटर आहे. एवढ्या अंतरासाठी केबल टाकावी, हे कोणालाही सुचेल. पण मधला रस्ता खोदायचा तर परवानगी हवी, पलीकडच्या कातळात चर खणायचा तर ब्रेकर हवा, आणि खांबांवरून तार ओढली तर पहिल्याच वादळात तिच्यावर माडाची झावळ नाहीतर आंब्याची फांदी येणार. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन परिसरात किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील कित्येक गावे अनेक दिवस विजेवाचून आणि फोनवाचून होती. परवानगी मिळत असेल आणि चर खणता येत असेल, तर फायबरला तोड नाही. ते जमत नसेल, तेथे दोन गच्च्या हवेतूनच जोडण्याचा विचार सुरू होतो, आणि त्यातला एक मार्ग लेझरचा आहे.

फायबरमध्ये जो प्रकाश काचेच्या तंतूतून धावतो, तोच येथे उघड्या हवेतून पाठवला जातो. दोन्ही टोकांना एकेक संच असतो. स्विचकडून, म्हणजे नेटवर्कमधील माहिती इकडून तिकडे वाटणाऱ्या यंत्राकडून, आलेल्या संकेतांनुसार लेझर डायोडचा प्रकाश अतिशय वेगाने कमी-जास्त होतो, भिंगातून त्याचा बारीक झोत निघतो आणि पलीकडचे भिंग तो प्रकाशसंवेदी डायोडवर एकवटते. हेच काम त्याच वेळी उलट दिशेनेही चालू असते. वापरला जाणारा प्रकाश अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो आणि त्याची तरंगलांबी बहुधा ८५० किंवा १५५० नॅनोमीटर असते. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातील पाण्यातच शोषला जातो, दृष्टिपटलापर्यंत जवळजवळ पोचत नाही, म्हणून सुरक्षेची मर्यादा पाळून त्याची शक्ती अधिक ठेवता येते. वेग सेकंदाला १ गिगाबिट, काही संचांत १० गिगाबिट मिळतो. रेडिओ लहरींची आंतरराष्ट्रीय व्याख्या ३००० गिगाहर्ट्झपाशी संपते आणि प्रकाश त्याच्या फार वर असतो. त्यामुळे रेडिओ परवान्याची कटकट नाही आणि शेजारच्या वाय-फायचा अडथळाही नाही.

कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि चार्ल्स सम्नर टेंटर यांनी १८८० मध्ये वॉशिंग्टन येथे आरशावरून परावर्तित केलेल्या सूर्यकिरणावर माणसाचा आवाज चढवला आणि तो २१३ मीटरवर ऐकवला. आपला हा 'फोटोफोन' टेलिफोनपेक्षा मोठा शोध आहे, असे बेल यांचे मत होते, पण ढग आला की त्यांचे यंत्र मुके होई. लेझर १९६० मध्ये आला. २०२१ मध्ये गूगलची पालक कंपनी अल्फाबेट हिच्या 'तारा' प्रकल्पाने काँगो नदीच्या दोन तीरांवरील ब्राझाव्हिल आणि किन्शासा ही शहरे सुमारे ५ किलोमीटरच्या प्रकाशझोताने जोडली आणि २० दिवसांत जवळजवळ ७०० टेराबाइट माहिती त्यावरून गेली. हे ऐकून आपल्या खाड्या अशाच ओलांडाव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याआधी इथली हवा पाहावी लागते.

(दृश्य : नदीचे खोरे, पौषातली सकाळ. समोरचा डोंगर दिसत नाही.)

कोकणात लेझरचे नाव काढले की पहिला प्रश्न पावसाचा येतो. जून ते सप्टेंबर झड लागलेली असताना हा झोत टिकणार कसा? प्रश्न रास्त आहे, पण खरा शत्रू पाऊस नव्हे, धुके आहे. पावसाचा थेंब मिलिमीटरच्या मापाचा असतो, तर धुक्याचे कण त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढे किंवा त्याहूनही बारीक असतात. घनमीटरभर धुक्यात पाणी पुष्कळ कमी असले, तरी ते इतक्या असंख्य कणांत वाटलेले असते की प्रकाश जागोजागी विखुरला जातो. कुंभार्ली घाटात धुक्यात मोटारीचे मोठे दिवे लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, ती याच विखुरण्यामुळे.

आता आकडे पाहू. तासाला १०० मिलिमीटर, म्हणजे अगदी मुसळधार पाऊस कोसळत असेल, तर ढोबळ हिशेबाने किलोमीटरमागे २३ डेसिबल प्रकाश कमी होतो (डेसिबल हे घट मोजण्याचे एकक; दर १० डेसिबलला प्रकाशाचा दहावा हिस्सा उरतो). आपल्या ३०० मीटरांत ही घट ७ डेसिबल, म्हणजे पलीकडे साधारण पाचवा हिस्सा पोचतो, आणि बरा संच एवढे सहज सोसतो. पण २०० मीटरपलीकडचे काही दिसत नाही असे धुके असेल, तर घट किलोमीटरमागे सुमारे ८५ डेसिबलवर जाते. अशा सकाळी ३०० मीटरवर साडेतीनशेवा हिस्सा तरी पोचतो. १ किलोमीटरवर ३० कोटींतला एक हिस्सा पोचतो, म्हणजे काहीच पोचत नाही. एवढ्या दाट धुक्यात तरंगलांबी बदलूनही फारसा फरक पडत नाही. माहितीपत्रकावर छापलेले २ किलोमीटर स्वच्छ हवेतले असतात, त्यावर इथे विसंबू नये.

म्हणून जागा पाहताना आंबा बागायतदाराला विचारावे. कोणत्या वाडीत मळभ आणि धुके किती दिवस धरते, हे त्याला मोहोराच्या काळजीने पाठ असते. समुद्रालगतच्या गावापेक्षा वाशिष्ठी किंवा शास्त्री नदीच्या खोऱ्यात हिवाळी सकाळी धुके अधिक साचते, आणि आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर तर पावसाळ्यात ढगच जमिनीवर उतरतो. तेथे लेझरच्या फंदात पडू नये.

(दृश्य : गच्ची. चिऱ्याच्या भिंतीत बोल्टने बसवलेला ब्रॅकेट, त्यावर संच. तंत्रज्ञ दुर्बिणीतून पलीकडे पाहत आहे.)

"दादा, जरा डावीकडे घ्या. बस, बस. आता नट आवळा." पलीकडच्या गच्चीवरून फोनवर सूचना येते आणि इकडे स्क्रू पाव फेरा फिरतो. ही नजर जुळवण्याची पायरी दिसते तेवढी साधी नाही. २ मिलिरेडियन, म्हणजे दर मीटरमागे २ मिलिमीटर, पसरणारा झोत ३०० मीटरवर केवळ ६० सेंटिमीटर रुंद असतो. इकडे ३० सेंटिमीटर लांबीच्या ब्रॅकेटचे टोक ०.३ मिलिमीटर जरी हलले, तरी तिकडे झोत ३० सेंटिमीटर सरकतो आणि भिंग त्याच्या काठावर येते. कोकणात गच्चीवर पत्र्याची शेड घालण्याची पद्धत आहे आणि तिच्या लोखंडी पाइपाला संच बांधण्याचा मोह बहुतेकांना होतो. तो पाइप वाऱ्यात थरथरतो. संच भिंतीला किंवा काँक्रीटच्या खांबालाच बसवला पाहिजे, आणि झोत तापलेल्या पत्र्याला लागून जाऊ देऊ नये, कारण एप्रिल-मे महिन्यांत तेथून उठणारी गरम हवा प्रकाशाला लुकलुकवते. पाइपावर उड्या मारणारी माकडे ही आणखी एक वेगळी बाब आहे; तिचा उल्लेख कोणत्याही माहितीपत्रकात नसतो.

खाऱ्या वाऱ्याने साधे नट-बोल्ट लवकर गंजतात, म्हणून ते स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. काचेवर मिठाचा पातळ थर बसतो, तो गोड्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसावा लागतो. काचेवर दव धरू नये म्हणून काही संचांत छोटा हीटर असतो. संच नेमका पूर्व-पश्चिम रोखलेला असेल, तर वर्षातले काही दिवस उगवता किंवा मावळता सूर्य थेट भिंगात येतो आणि दुवा काही मिनिटे तुटतो. शिवाय वाटेतला माड दरवर्षी वाढत असतो.

एवढे सांभाळूनही धुक्याची एखादी सकाळ येणारच, म्हणून लेझरच्या जोडीला ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ ठेवावा. धुके रेडिओ लहरींना जवळजवळ अडवत नाही. वेग कमी मिळतो, पण काम थांबत नाही. दोन्ही संच दोन्ही टोकांना इन्व्हर्टरवर असावेत. माहितीची वाहतूक आपोआप रेडिओवर जाते की नाही, हे मे महिन्यातच भिंगासमोर छत्री धरून पाहावे, आणि छत्री बाजूला केल्यावर ती लेझरवर परत येते का, तेही तपासावे; अन्यथा नेटवर्क पुढचे कित्येक महिने कमी वेगाच्या वाटेवर चालत राहते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.