नामंजुरीचं पत्र कसं वाचायचं

(माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या तालुका मेळाव्यातलं भाषण, संपादित)

मंडळी, लष्करात माझी चोवीस वर्षं कारकुनीत गेली. शेवटची काही एका रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या कचेरीत. तिथं अपंगत्व पेन्शनच्या नामंजुरीची पत्रं मी माझ्या हातानं टाइप केलीत. मजकूर ठरलेला असायचा, नाव आणि नंबर तेवढा बदलायचा. तुमचं अपंगत्व लष्करी सेवेमुळं आलेलं नाही आणि सेवेमुळं वाढलेलंही नाही, एवढंच त्यात असायचं. पत्र कुठल्या घरात जातंय ते मला दिसत नव्हतं.

पेन्शनीला आल्यावर ते दिसलं. माझ्या चुलतभावाला बोर्डआउट करून, म्हणजे तब्येतीच्या कारणावरून सेवेतून काढून, घरी पाठवलं होतं, त्याच्या कपाटात वहिनींच्या लुगड्यांच्या घडीखाली असलंच एक पत्र निघालं. अकरा वर्षं तसंच पडून होतं. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, सरकारनं नाही म्हटलं, आता कुणाच्या दारात जायचं?” त्या घरात त्या पत्राला निकाल समजले होते. तो निकाल नव्हता, लष्करी डॉक्टरांच्या एका बोर्डाचं मत होतं. आज मी एवढंच सांगायला आलोय.

पत्र हातात आलं की दोन गोष्टी शोधा. अपंगत्व किती टक्के लिहिलंय आणि कारण काय दिलंय. पेन्शनसाठी किमान 20 टक्के लागतात. पण बहुतेकांचं घोडं टक्क्यावर अडत नाही, कारणावर अडतं. ‘सेवेशी संबंध नाही’ हे एक वाक्य सगळं अडवून धरतं.

आता 1982 चे नियम बघा. 2008 च्या आधी घरी आलेल्यांचा अपंगत्व आणि मृत्यूच्या पेन्शनचा हक्क ठरवणारे हे नियम आहेत आणि ते जवानाच्या बाजूनं लिहिलेले आहेत. भरती होताना तुमच्या कागदावर आजाराची नोंद नसेल, तर तुम्ही धडधाकट होता असं धरायचं. पुढं तब्येत ढासळून घरी जावं लागलं, तर ती सेवेमुळं ढासळली असं धरायचं. नववा नियम तर स्पष्ट सांगतो की पुरावा द्यायची जबाबदारी अर्जदारावर नाही. शंका असेल तर तिचा फायदा जवानाला. भरतीच्या तपासणीत हा आजार ओळखताच आला नसता असं डॉक्टरांचं म्हणणं असेल, तर त्याची कारणं त्यांनी लिहून द्यायची आहेत.

आपल्या भरतीचा दिवस आठवा. छाती मोजली, डोळे तपासले, कानात बॅटरी मारून बघितलं, गुडघ्याला गुडघा लागतो म्हणून किती पोरं परत पाठवली. इतकं चाळून घेतलेल्या माणसाला दहा वर्षांनी सांगायचं, की तुझा आजार तुझ्या अंगातलाच होता? मला हे कधी पटलं नाही. टाइप करतानाही पटलं नव्हतं.

धरमवीर सिंग नावाचा सिग्नल कोअरचा एक शिपाई. 1985 ला भरती झाला, फिट्स यायला लागल्या, 1994 मध्ये त्याला घरी पाठवलं. अपंगत्व 20 टक्के. बोर्डानं लिहिलं, सेवेशी संबंध नाही. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्याच्या बाजूनं निकाल दिला, खंडपीठानं तो फिरवला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2013 च्या जुलैमध्ये जिंकला. न्यायालयानं हेच नियम पुढं ठेवून सांगितलं, की भरतीच्या वेळी नोंद नाही आणि बोर्डानं कारणही दिलेलं नाही, मग हा आजार सेवेतलाच धरावा लागेल. घरी आल्यापासून 19 वर्षं गेली होती. पुढच्या शेकडो जवानांनी हाच निकाल आपल्या अर्जाला जोडला आहे.

पण ही बाजू प्रत्येक वेळी लागतेच असं समजू नका. 2019 मध्ये नरसिंग यादव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मानसिक आजाराच्या बाबतीत पेन्शन नाकारली. असा आजार भरतीच्या तपासणीत कळेलच असं नाही, असं न्यायालय म्हणालं. सुट्टीवर असताना अपघात झाला असेल, तर तिथंही सेवेशी धागा दाखवावा लागतो. म्हणून ‘आमच्या गल्लीतल्या अमक्याला मिळाली, मग मलाही मिळणार’ असं धरून बसू नका. आपले कागद बघा.

मेडिकल बोर्डाच्या कागदांची, म्हणजे लष्करी वैद्यकीय फॉर्म 16 ची (आयकराचा नव्हे), पूर्ण प्रत मागून घ्या. नुसत्या पत्रावर भागत नाही. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, हे अपंगत्व भरतीच्या आधीपासून होतं का? तिथं बोर्डानंच कितीदा तरी ‘नाही’ लिहिलेलं असतं. आणि पुढं सेवेमुळं झालं का, तिथंही ‘नाही’. मग आलं कुठून? बोर्डानं कारण लिहिलेलं नसेल तर तीच तुमच्या अपिलाची पहिली ओळ. जोडीला भरतीच्या वेळचा वैद्यकीय फॉर्म, लष्करी दवाखान्याची डिस्चार्ज स्लिप आणि कुठं कुठं पोस्टिंग झालं त्याची यादी लावा. सियाचीन असो, वाळवंट असो, काउंटर इन्सर्जन्सी म्हणजे अतिरेक्यांविरुद्धची मोहीम असो, तारखांसकट लिहा.

पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं. ते फेटाळलं तर दुसरं. तेही गेलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. ते 2007 च्या कायद्यानं झालं आणि आपलं खंडपीठ मुंबईत आहे. तुमच्या अपिलावर सहा महिने उत्तरच आलं नाही, तरीही तिथं जाता येतं.

मुदत टळली असेल त्यांनी हे नीट ऐका. उशीर माफ करायचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. आणि 2008 च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणं पेन्शन न मिळणं हा दर महिन्याला होणारा अन्याय आहे, म्हणून उशिरा आलेल्याचंही ऐकलं जातं. फक्त मागची थकबाकी साधारण तीन वर्षांचीच मिळते. आमच्या वहिनींची अकरातली आठ वर्षं अशीच पाण्यात गेली. त्याचा मला अजून त्रास होतो.

ज्यांना पेन्शन सुरू आहे त्यांनीही पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढून अपंगत्वाचा टक्का बघा. 50 पेक्षा कमी अपंगत्व 50 धरायचं, 50 ते 75 असेल तर 75, त्यापुढं 100. बोर्डआउट झालेल्यांना हे 1996 पासून लागू आहे. सेवा पूर्ण करून आलेल्यांनाही ते द्यावं लागेल, असं 2014 च्या राम अवतार निकालात ठरलं. शंभर टक्क्याला शेवटच्या पगाराचे 30 टक्के मिळतात. पगार 30,000 धरा. 20 टक्क्याला महिना 1,800 होतात, 50 धरले तर 4,500, वर महागाई भत्ता. आईच्या औषधाचा खर्च त्यात निघतो.

मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. अपंग जवानांविरुद्ध सरकारनं अपिलं लढवत बसू नयेत, असं त्या समितीनं बजावलं. तरी खटले थांबले नाहीत. सप्टेंबर 2023 मध्ये नवे नियम आले, ते आधीपेक्षा कडक आहेत. त्याआधी घरी आलेल्यांनी ‘आता नियम बदललेत’ हे कुणाचं तोंडी ऐकून माघारी फिरू नये. नकार लेखी मागा.

चुलतभावाचं अपील आम्ही गेल्या वर्षी टाकलं. त्याच्या भरतीच्या फॉर्मवर आजाराच्या रकान्यात ‘काही नाही’ असं लिहिलेलं निघालं. वहिनींनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आता देवघरात ठेवलाय.

मागं टेबल मांडलंय, संध्याकाळपर्यंत मी तिथंच आहे. झेरॉक्स आणली असेल तर दाखवा. मूळ कागद माझ्याकडंही देऊ नका, आणि मिळणाऱ्या थकबाकीत टक्का मागणाऱ्या एजंटाकडं तर अजिबात नको.