डाग तसाच आहे

(लालबाग. चाळीची गॅलरी, नळाखाली बादली.)

पाणी पहाटे साडेपाचला येतं. त्या दिवशी काकांनी बादली उचलली आणि ती हातातून निसटली. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, शब्द फुटेना. पक्षाघाताचा झटका.

हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न आला, "शेवटचे धडधाकट कधी पाहिलेत?" काकू म्हणाल्या, "पाणी आलं तेव्हा." त्या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. रक्त अडलं की मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात.

(सीटी स्कॅनचा पडदा.)

आधी सीटी, झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा ते बघायला. ताजा रक्तस्राव त्यात पांढरा दिसतो. इथे पांढरं काहीच नाही. गुठळीच्या झटक्यात सुरुवातीचा सीटी जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो. "मग झालंय काय?" मुलगा विचारतो. पण रक्तस्राव नाही, म्हणूनच तर इंजेक्शन देता येतं. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल, तर जांघेतून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढतात. 2018 पासून, स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा भाग दिसला, तर निवडक रुग्णांत हे 24 तासांपर्यंतही करतात.

काकांना इंजेक्शन वेळेत मिळालं. तरी दुसऱ्या दिवशीच्या सीटीत डाव्या बाजूला काळपट डाग होता. थोडा भाग गेलाच होता.

(तीन महिन्यांनंतर. तीच गॅलरी.)

घरचे अजून विचारतात, डाग कधी जाणार? तो जाणार नाही. मेलेली पेशी परत येत नाही. पण शेजारचा, कधीकधी पलीकडच्या बाजूचाही मेंदू तिचं थोडं काम शिकून घेतो. मात्र ते पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं, आणि सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या काही महिन्यांतच होते. जीव वाचवायला धावणारी माणसं घरी आल्यावर व्यायाम आणि स्पीच थेरपी सोडून देतात, हे बघून जीव तुटतो.

काकूंनी सोडलं नाही. काकांना मुलाचं नाव आठवत नव्हतं. पण चाळीस वर्षं तोंडात बसलेली लोकलची स्टेशनं? ती ओघात येतात, नुसती सुरुवात करून द्यायची.

"मशीद," काकू म्हणतात.

"सँडहर्स्ट रोड... भायखळा... चिंचपोकळी... करी रोड... परळ..."

काका अडतात. ओठ हलतात. काकू सांगत नाहीत, नळाकडे बघत थांबून राहतात.

"दादर."